ऐकू द्या ना, राजेहो!

मराठी माणसाला रडण्यासाठी व्हायोलिनची गरज केव्हापासून पडू लागली, याचा एकदा कुणीतरी छडा लावायला हवा. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय नि घाटाखाली काय, माणसं पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिनवाचून रडत आलेली आहेत. मुलगी सासरी निघाली की रडली, गोठ्यातला बैल विकला की रडली, आणि कापसाचा भाव ऐकला की रडायचंही विसरून नुसती बसून राहिली. पण यांपैकी एकाही प्रसंगी बाभळीच्या आडून पंचवीस वादकांचा ताफा पुढे आला आणि त्याने गज घासायला सुरुवात केली, असं माझ्या तरी ऐकिवात नाही. सिनेमात मात्र हे रोज घडतं. नायिकेच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधी दोन सेकंद व्हायोलिन येतं. म्हणजे रक्कम नंतर, पावती आधी! आमच्या काउंटरवर कुणी असं केलं तर संध्याकाळपर्यंत त्याच्यावर चौकशी बसेल.

तर या पार्श्वसंगीत नावाच्या प्रकाराविरुद्ध मला थोडं बोलायचं आहे. थोडं म्हणजे बरंच. ज्याला सा आणि रे यांतलं अंतर सांगता येत नाही अशा बी.कॉम. कारकुनाने सिनेमातल्या आवाजावर बोलावं का, असा प्रश्न काही विद्वान विचारतील. त्यांना माझं नम्र उत्तर असं, की भाजी खारट झाली हे सांगायला आचारी असावं लागत नाही. पानावर बसलेलं असलं म्हणजे पुरतं. शिवाय हिशेब हा माझा विषय आहे, आणि आवाजाच्या बाबतीत आपल्या सिनेमाचा हिशेब साफ चुकलेला आहे.

सवयीप्रमाणे मी सिनेमातल्या आवाजांची खतावणी मांडून पाहिली. चार खाती निघाली. पहिलं बोलणं, म्हणजे संवाद. हे चालू खातं. रोजची सगळी उलाढाल याच्यावर, पण व्याज शून्य. दुसरं खातं साध्या आवाजांचं : दाराची कडी, जिन्यावरची पावलं, पत्र्यावरचा पाऊस, मोरीत पडलेलं भांडं. हे बचत खातं. थोडं थोडं टाकत राहिलं की सिनेमा संपताना बऱ्यापैकी पुंजी जमलेली असते. तिसरं संगीत. त्यातल्या गाण्यांशी माझं काही भांडण नाही. गाणं हा सांगून येणारा पाहुणा आहे. ‘येतोय हं’ म्हणतो, येतो, तीन-चार मिनिटं बसतो, उठून जातो. पार्श्वसंगीत मात्र कर्ज आहे. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या खात्यात भावना शिल्लक नसली की तो संगीतकाराकडून ती उचल घेतो. कर्ज वाईट असं मी म्हणणार नाही, माझा पगार त्याच्यावरच निघतो. पण विहिरीसाठी कर्ज काढणारा वेगळा आणि रोजच्या कोथिंबिरीसाठी कर्ज काढणारा वेगळा.

आणि चौथं खातं शांततेचं. ही मुदत ठेव. मुदतीआधी मोडली की व्याज बुडालं. आपल्याकडे ही ठेव कुणी ठेवतच नाही. पडद्यावर दोन सेकंद कुणी गप्प बसलं की निर्मात्याला वाटतं, थेटरातला स्पीकर बिघडला म्हणून लोक तिकिटाचे पैसे परत मागतील.

या चार खात्यांच्या वर आणखी एक वर्गवारी आहे, आणि ती फार महत्त्वाची. काही आवाज पडद्यातल्या माणसांनाही ऐकू येतात, काही फक्त आपल्याला. घरातला रेडिओ वाजला तर नायक उठून तो बंद करू शकतो. पण त्याच्या डोक्यावर जे व्हायोलिन चाललेलं असतं ते त्या बापड्याला बंद करता येत नाही, आणि आपल्यालाही नाही. आल्फ्रेड हिचकॉकचा एक किस्सा सांगतात. ‘लाइफबोट’ (1944) हा त्याचा चित्रपट सबंध एका होडीत घडतो. त्याने म्हणे शंका काढली की भर समुद्रात वाद्यवृंद येणार कुठून? यावर डेव्हिड रॅक्सिन नावाच्या संगीतकाराने निरोप पाठवला की समुद्रात कॅमेरा कुठून आला ते आधी सांगा, मग संगीत कुठून येतं ते मी सांगतो. उत्तर बिनतोड आहे, मान्य. पण त्यात एक खोच राहून गेली. कॅमेरा निदान आपलं तोंड बंद ठेवतो! नायिका रडत असताना ‘बघा बघा, ही रडतेय’ असं तो प्रेक्षकांना कोपराने ढोसून सांगत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे खूळ परदेशी आहे, आपल्याकडे कुठे कुणी असा विचार केलाय? तर ऐका. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली आला तेव्हा चित्रं मुकी होती, आणि मुकपटांच्या त्या जमान्यात थेटरात पडद्यापुढे पेटी-तबलेवाले बसत. ते ठीक होतं. मुक्या माणसासाठी कुणीतरी बोललं पाहिजे. 1931 साली ‘आलम आरा’ बोलला, आणि 1932 साली कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ काढून मराठीला वाचा दिली. त्या काळी आवाज मिळवणं म्हणजे दिव्य. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून त्याला कोंडून ठेवायचं, माइक कुठेतरी लपवायचा, गाणारा नट समोर गातोय आणि साथीदार झाडाझुडपांआड बसून वाजवताहेत. पार्श्वगायनाची सोय 1935च्या सुमारास कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने आणली, तेव्हा कुठे झाडाआडची मंडळी बाहेर आली.

म्हणजे नुकताच आवाज मिळालेला. नवश्रीमंताने चारी बोटांत अंगठ्या घालाव्यात तसा तो उधळायला हरकत नव्हती. पण 1937 साली, पहिल्या मराठी बोलपटाला जेमतेम पाच वर्षं होतात तोच, ‘प्रभात’च्या व्ही. शांतारामांनी ‘कुंकू’ केला आणि त्यात पार्श्वसंगीत चक्क रजेवर पाठवलं! संगीतकार मिळाला नाही म्हणून नव्हे. केशवराव भोळे हाताशी होते. नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरची ही कथा. पोरक्या नीरेला मामा म्हाताऱ्या बिजवर वकिलाच्या गळ्यात बांधतो आणि ती हे लग्न मानायचं साफ नाकारते. शांता आपटे आणि केशवराव दाते. एवढा रडवायचा ऐवज हाती असताना शांतारामबापूंनी व्हायोलिन लावलं नाही. घरातले आवाज लावले. भिंतीवरचं घड्याळ त्या म्हाताऱ्याला त्याचं वय सांगत राहतं. माणूस घड्याळाकडे बघतो, घड्याळ आपलं काम करत राहतं, बस्स. ही गोष्ट तेव्हा साधली. आज अत्याधुनिक थेटरात भिंतीभिंतीतून, छतातून, खुर्चीखालून आवाज सोडायची सोय झाली, आणि एक घड्याळ धड ऐकू येईनासं झालं!

यावर एक ठरलेला युक्तिवाद येतो. ‘अहो, आपली परंपराच संगीताची. आपलं नाटक संगीताचं, आपलं कीर्तन संगीताचं. मग सिनेमात असणारच.’ हा युक्तिवाद करणाऱ्यांनी ना धड नाटक पाहिलेलं असतं ना कीर्तन ऐकलेलं. शेगावची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा टाळ-मृदंगाने रस्ता दणाणून जातो, हे खरं. पण कीर्तनात बुवा निरूपणाला लागले की मृदंगवाला काय करतो? दोन्ही हात मृदंगावर पालथे ठेवतो आणि ऐकतो. पुंडलिकाची गोष्ट चालू असताना खालून ‘धिन्‌-धिन्‌’ करून भाविकांना गहिवर आणावा असं त्याच्या मनात येत नाही. आणलाच, तर बुवा त्याच्याकडे असे बघतील की पुढचा अभंग तो विसरून जाईल. संगीत नाटकाचं तेच. बालगंधर्व ‘एकच प्याला’त सिंधूचं काम करायचे. पद आलं की ऑर्गन आणि तबला सरसावणार. पण सिंधूची मीठ-भाकरीची ओढाताण गद्यात चालली असताना खाली ऑर्गनवाल्याने मुळूमुळू रडावं, ही कल्पना करून बघा. तेव्हा परंपरेचं नाव घेऊ नका. आपली परंपरा वाजवायची आहे तशीच थांबायचीही आहे.

पार्श्वसंगीत असूच नये, असला एकांगी आग्रह माझा नाही. कर्ज घ्यावं तर सत्यजित रायांसारखं. ‘पथेर पांचाली’त (1955) बाप बऱ्याच दिवसांनी घरी येतो, पोरीसाठी आणलेली साडी काढून दाखवतो. पोरगी तर गेलेली. आईचा बांध फुटतो. पण तिचा टाहो आपल्याला ऐकूच येत नाही. तिचं तोंड उघडतं आणि येतो तारशहनाईचा सूर. तिथे संगीत रडण्याच्या खाली पाटासारखं ठेवलेलं नाही, रडण्याच्या जागी ठेवलेलं आहे. सबंध सिनेमात एकदाच काढलेलं असं कर्ज सव्याज फिटतं.

दुसरा गैरसमज असा होईल की मी खोट्या आवाजांच्या विरुद्ध आहे. मुळीच नाही. अमेरिकेत युनिव्हर्सल स्टुडिओत जॅक फोली नावाचे एक गृहस्थ पडद्याकडे बघत बघत पावलं वाजवायचे, कपडे सळसळवायचे. त्यांच्या नावावरून या उद्योगालाच ‘फोली’ म्हणतात. घोड्याच्या टापा नारळाच्या करवंट्यांनी काढायच्या, बर्फातली पावलं कॉर्नफ्लॉवरची पिशवी दाबून, आणि हाड मोडल्याचा आवाज सेलरी नावाच्या भाजीचा दांडा मोडून. आमच्याकडे मुळ्यावर काम भागेल. ही खरी कारागिरी. इथे खोट्या आवाजाने खरा आवाज ऐकू यावा म्हणून माणूस धडपडतो. माझी तक्रार आहे ती आवाज तयार डब्यातून काढून ओतण्याची. हॉलिवुडमध्ये 1951च्या ‘डिस्टंट ड्रम्स’साठी ध्वनिमुद्रित केलेली एक किंकाळी आहे, तीच पुढे ‘स्टार वॉर्स’सकट शेकडो चित्रपटांत वापरली गेली. एकाच माणसाने किती वेळा मरायचं याला काही सुमार? सरकारी कागदपत्रांतसुद्धा मेलेला माणूस इतक्या वेळा मरत नाही.

आपल्याकडे या डब्यात खेडेगाव ठेवलेलं असतं. पडद्यावर गाव आलं की एक कोंबडा, दोन गाईंच्या घंटा आणि बासरी. कुठलंही गाव असो, कोंबडा तोच. मी नोकरीनिमित्त आमच्या जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांचं पाणी प्यायलो आहे. पहाटे देवळाच्या कर्ण्यावरचा हरिपाठ, लाइट आल्याबरोबर एकदम सुरू होणाऱ्या मोटारपंपांची घरघर, पाठीवरच्या फवारणी पंपाची फुर्रफुर्र, कापूस वेचता वेचता बायांनी साऱ्या गावाची काढलेली उणीदुणी, आणि राजूरच्या घाटात दुसऱ्या गिअरवर कण्हत चढणारी एसटी. हे आमचे आवाज. यांतला एकही मी पडद्यावर धड ऐकलेला नाही. दुष्काळ दाखवायचा झाला तर भेगाळलेली जमीन आणि वर बासरी. अरे बाबांनो, आमच्याकडे दुष्काळाला बासरी नसते. विहिरीत दोर सोडत जावा, सोडत जावा, आणि शेवटी बादली कोरड्या खडकावर आपटून ‘ठण्ण’ व्हावं, हा दुष्काळाचा आवाज. तो ज्याने एकदा ऐकला त्याला वेगळं संगीत लागत नाही.

आणि हे सगळं धंदेवाईक सिनेमात जमत नाही असंही नाही. ‘शोले’ (1975) घ्या. त्याहून धंदेवाईक काय असणार? त्याचे संवाद वेगळ्या रेकॉर्डवर निघाले नि खपले. पण गब्बरसिंग मनात बसतो तो आधी बोलण्याने नव्हे, खडकावर वाजणाऱ्या बुटांनी. ठाकूरच्या घरावरचा तो प्रसंग आठवा आणि तो करकरणारा झोपाळा आठवा. आणि गावात पोराचं प्रेत येतं, सारं गाव थिजून उभं राहतं, तेव्हा आंधळा रहीमचाचा विचारतो तो प्रश्न शांततेबद्दलच असतो. ज्याला दिसत नाही त्याला शांतता ऐकू येते! राहुल देव बर्मनला संगीत येत नव्हतं म्हणून तिथे शांतता नव्हती. कुठे वाजवायचं नाही हेही त्या मंडळींना येत होतं. त्या काळात राजकमल स्टुडिओत मंगेश देसाई यांच्यासारखे ध्वनिमिश्रणातले जाणकार होते, सत्यजित रायही त्यांच्याकडे काम घेऊन यायचे. मी ‘शोले’ पहिल्यांदा पाहिला तो जत्रेतल्या तंबूत. बाहेर जनरेटर धडधडत होता, शेजारी कुणाचं तरी पोर कोकलत होतं. तरी तो झोपाळा मला ऐकू आला. आता वातानुकूलित थेटरात, मऊ खुर्चीत बसून पॉपकॉर्नच्या भावात सबंध तिकीट येईल एवढा खर्च करतो, आणि झोपाळा असलाच तर तो साठ व्हायोलिनांखाली गाडलेला असतो.

टीव्हीवरच्या मालिकांविषयी मी बोलणार नाही, कारण आमच्या घरात शांतता नांदावी अशी माझी इच्छा आहे. फक्त एवढंच सांगतो, की सुनेने चहात साखर जास्त घातली तरी तीन वेळा वीज कडाडते. आणि विनोदी कार्यक्रमात तर आपण हसायच्या आधीच डब्यातली माणसं हसून मोकळी होतात. हा हास्याचा डबा चार्ल्स डग्लस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने 1950च्या दशकात बनवला. एक विनोदी लेखक म्हणून मला त्याचा हेवा वाटायला हवा. पण मी जर दर चार ओळींनंतर कंसात ‘येथे हसावे’ असं छापलं, तर तुम्ही हे पुस्तक रद्दीत घालाल की नाही? मग व्हायोलिन म्हणजे तरी दुसरं काय? ‘येथे रडावे’ ही पाटीच की!

या साऱ्याचा परिणाम काय झाला ते ‘पुष्पक’मध्ये (1987) फार मजेदार दाखवलंय. सबंध चित्रपटात एक संवाद नाही. कमल हासनचा बेकार तरुण थेटराला लागून असलेल्या खोलीत राहतो. नशिबाने पंचतारांकित हॉटेलात राहायला मिळतं, तर तिथल्या शांततेत त्याला झोपच येत नाही. शेवटी तो जुन्या जागी जाऊन तो थेटरातला गोंगाट टेप करून आणतो, आणि ती ढिशूम-ढिशूम लावून गाढ झोपतो. आपण हसलो. आज आपली सगळ्यांचीच ती गत आहे. लोणारला जा. उल्का पडून झालेलं विवर, 2020 साली रामसर यादीत गेलेलं सरोवर. तळाशी उतरावं तर झाडीतून मोर ओरडतो आणि मग आपल्याच श्वासाचा आवाज येतो. पण मोबाइलवर लोणारची चित्रफीत बघा. वरून ड्रोन फिरतोय आणि खाली तुताऱ्या-नगारे असे घुमताहेत की उल्का आत्ता पडतेय आणि तीही आपल्याच डोक्यात!

हा रोग सिनेमातून घरात शिरला, तेव्हापासून मी त्यावर विनोद करणं जरा कमी केलंय. कारण सांगतो. माझं लग्न 2006 सालचं. तेव्हा लग्नाचं शूटिंग करून सीडी देत. आमच्याही घरी ती आहे. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. एक टोला थांब, दोन टोले चल, आणि मधल्या वेळात त्यांचा आवाज. घाटावर आणि घाटाखाली त्या आवाजाने तीस वर्षं गाड्या भरल्या नि रिकाम्या केल्या. 2015 साली ते गेले. त्या सीडीत ते एका ठिकाणी पंगतीत उभे आहेत, हातात पाण्याचा जग आहे, आणि ते वळून थेट कॅमेऱ्याकडे बघत काहीतरी बोलतात. चांगलं सात-आठ सेकंद बोलतात. ओठ हलताना स्पष्ट दिसतात. आणि त्यावर एका गाजलेल्या हिंदी सिनेमातलं लग्नाचं गाणं लावलेलं आहे. शूटिंगवाल्याने मूळ आवाज पुसून टाकला होता. ‘प्रोफेशनल’ दिसावं म्हणून.

ते काय म्हणाले यावर आमच्याकडे आजही एकमत नाही. आई म्हणते, ‘अरे, दुसरी पंगत बसवा म्हणतायत.’ बायकोला वाटतं की ते सुनेचं कौतुक करताहेत. मुलीने मोबाइलवर हळू गतीने लावून पाहिलं, तिच्या मते ते फक्त ‘हं, हं’ म्हणताहेत. मला आपलं वाटतं की कॅमेऱ्यासमोर झालेली गर्दी बघून ते सवयीने ‘पुढे सरका’ म्हणाले असतील. त्यांचा दुसरा कुठला आवाज आमच्याकडे नाही. गाणं मात्र चांगलं स्वच्छ ऐकू येतं. ते गाणं जगात आणखी लाखो ठिकाणी आहे.

म्हणून कुणी मला म्हणालं, ‘काय राव, पार्श्वसंगीतावर एवढं चिडायचं? करमणूक तर आहे!’ तर मी त्याला आमच्या पीककर्जाच्या काउंटरवर अर्धा तास बसवीन. एक म्हातारा शेतकरी येतो. ‘माह्यं काम झालं का साहेब?’ म्हणतो. मला सांगावं लागतं की कागद एक कमी आहे. तो भांडत नाही. सातबारा, पासबुक, आधार, सगळं पुन्हा कॅरीबॅगमध्ये घालतो. त्या प्लॅस्टिकची करकर होते. पलीकडे नोटा मोजायचं यंत्र फर्रर्र करत असतं, वर पंखा टकटक करतो. तो जातो. यात एकही व्हायोलिन वाजत नाही. सिनेमात हाच प्रसंग आला तर म्हाताऱ्यावर सारंगी आणि माझ्यावर खलनायकाची धून वाजेल. थेटरातले लोक दोन टिपं गाळतील, मला दोन शिव्या देतील आणि मोकळ्या मनाने बाहेर पडतील. सारंगीचा फायदा हाच की रडून झालं की हिशेब मिटल्यासारखा वाटतो. त्या कॅरीबॅगचा आवाज मात्र मी अनेकदा घरापर्यंत नेलेला आहे. प्रेक्षकाने तो घरी न्यावा असं ज्यांना वाटत नाही, त्यांनीच त्यावर सारंगी लावावी.

हे ज्यांना कळतं असे लोक आजही आहेत, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. नागराज मंजुळ्यांच्या ‘फँड्री’त (2013) डुकराच्या मागे धावणारं ते कुटुंब आठवा. शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे होते तिथे ताठ उभे राहतात. डुकराला तेवढं कळत नाही, ते निघून जातं. हा आवाज पडद्यातल्या माणसांना ऐकू येणारा आहे, म्हणून तर ते थांबतात. कुणा संगीतकाराने वेगळं काही वाजवायची गरज पडली नाही. आणि ‘सैराट’ (2016)! ज्या सिनेमाच्या गाण्यांवर सबंध महाराष्ट्र नाचला, ज्याच्या संगीतासाठी अजय-अतुल थेट हॉलिवुडच्या वादकांपर्यंत गेले, त्या सिनेमाच्या शेवटी काय आहे? काही नाही. आवाज बंद. पोर रडतंय ते दिसतं, ऐकू येत नाही. नाचणारं थेटर त्या वेळी कसं गप्प झालं होतं, ते तुम्हीही अनुभवलं असेल. सगळा पैसा चालू खात्यात फिरवून शेवटी ठेव तेवढी मोडली नाही.

तेव्हा माझ्या मागण्या मी लेखी देऊन ठेवतो. पहिली : ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र ठेवता येतं. तशी सोय सिनेमातल्या मृत्यूभोवतीही करावी. नायकाची आई गेल्यावर निदान एक मिनिट कुणी काही वाजवू नये. दुसरी : गाव दाखवायचं असेल तर ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाला त्या गावी न्यावं, चहा पाजावा, आणि दोन दिवस नुसतं ऐकत बसू द्यावं. त्याचा खर्च कोंबडा रद्द करून भागवता येईल. तिसरी : 2009 साली रसूल पुकुट्टीला ध्वनीसाठी ऑस्कर मिळालं, तेव्हा अशा कामाला बक्षीस असतं हे आपल्याला कळलं. निदान पाटीवर त्या मंडळींची नावं येईपर्यंत तरी प्रेक्षकांनी खुर्चीखाली चपला शोधू नयेत. आणि चौथी मागणी तुमच्या-आमच्यासाठी : घरातलं कुणी बोलत असताना चित्रण केलंत, तर त्यावर गाणं चिकटवू नका. बोलणं कंटाळवाणं असलं तरी राहू द्या. कंटाळवाणं वाटणारच, माणूस समोर आहे तोवर.

राहता राहिला हा लेख. हल्ली लेख मोठ्याने वाचून, खाली बासरी लावून मोबाइलवर फिरवायची पद्धत पडली आहे. कुणाच्या मनात तसं काही असेल तर हात जोडून विनंती आहे, बासरी लावू नका. नुसतं वाचा. वाचताना कुणी हसलं नाही तरी चालेल. ते हसले नाहीत हे निदान मला ऐकू तरी येईल.